तिसऱ्या दिवसाची अळी

बाई, आज सकाळी माझ्या कुंडीतल्या लिंबावरची अळी खायची थांबली. काल संध्याकाळपर्यंत पानामागून पान फस्त करत होती आणि आज देठाला चिकटून गप्प बसली आहे. आई असती तर म्हणाली असती, "उपास धरला गं हिनं." मी चष्मा पुसला, तुम्ही दिलेलं भिंग काढलं, भिंगाच्या मागोमाग तुमची वही काढली, आणि वही हातात आली की मला तुमच्याशी बोलावंसं वाटतं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं त्याच्याही पुढे मी आता आले आहे, म्हणजे आता तुम्ही रागावलात तरी मी निमूट ऐकून घेईनच असं नाही. तरीही हे लिहिताना पाठ सरळ करून बसले आहे. तुमच्यासमोर पोक काढून बसायची सोय नव्हती.

मला तुमचं स्वयंपाकघर अजून जसंच्या तसं दिसतं. सोलापुरातल्या त्या बोळातल्या दोन खोल्या, मागं हातभर अंगण, अंगणात कागदी लिंबाचं एक झाड. बाकीच्या बायकांच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या असतात, तुमच्या फळीवर कंदिलाच्या काचा उभ्या असायच्या. प्रत्येक काच एका बशीत, वरच्या तोंडाला मलमलचं फडकं, आत लिंबाची डहाळी आणि डहाळीवर एक अळी. काचेवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख. तुमच्याकडं पाणी प्यायला आलेली शेजारीण ते पाहून एकदा पाणी न पिताच परत गेली. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. "तिची तहान खरी नव्हती," म्हणालात.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून चार-पाच वर्षं झाली होती. मुलींच्या शाळेत तुम्ही शास्त्र शिकवायचात, आणि शास्त्राचं सामान म्हणून शाळेकडं एक लोहचुंबक आणि बेडकाचं फाटकं चित्र होतं. एक दिवस तुम्ही वर्गात लिंबाची फांदी घेऊन आलात. अळी लहान असते तेव्हा पाखराच्या शिटेसारखी काळी-पांढरी असते. वाढते, कात टाकते, पुन्हा वाढते, पुन्हा कात टाकते, आणि चौथी कात टाकली की एकदम हिरवीगार होते. मग पाचव्यांदा कात टाकते तेव्हा आत अळी नसतेच, कोष असतो. हे तुम्ही सांगितलंत आणि विचारलंत, "कात टाकायची वेळ झाली हे तिला कोण सांगतं?" एक मुलगी म्हणाली देव. तुम्ही म्हणालात, "बरोबर, पण देव कुठून सांगतो? डोक्यातून की शेपटीतून?" सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. मला खरंच कळून घ्यायचं होतं.

मुंबईहून तुमच्या भावानं पाठवलेल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात तुम्ही वाचलं होतं की परदेशात कुणी अळीच्या कमरेला दोरा आवळून बांधून पाहिला. हुकूम डोक्यातून सुटतो, पण रक्तातल्या एखाद्या रसातून अंगभर जातो, असं त्या लोकांचं म्हणणं. पाटाला मधे बांध घातला की खालच्या शेताला पाणी मिळत नाही, तसा दोरा वेळेत बांधला तर पुढचा भाग कोष होतो आणि मागचा अर्धा भाग अळीच राहतो, त्याला बिचाऱ्याला कळतच नाही की आता बदलायचं आहे. उशिरा बांधला तर रस आधीच मागं पोचलेला असतो आणि अख्खी अळी कोष होते. आता पुस्तकांत त्या रसाला संप्रेरक म्हणतात. मी स्वतः तीस वर्षं फळ्यावर तो शब्द लिहिला, पण मनात मात्र तुमचा रसच राहिला. तुम्हाला इतकंच शोधायचं होतं की आपल्या लिंबावरच्या अळीत तो रस कोणत्या दिवशी सुटतो. हिरवी झाल्यापासून पहिल्या दिवशी, दुसऱ्या, तिसऱ्या की चौथ्या. जमलं तर पुण्याच्या कॉलेजातल्या प्रोफेसरांना कळवायचं होतं. ही गोष्ट तुम्ही फक्त मला सांगितली होती, आणि सांगताना उगीचच तांदूळ निवडत बसला होतात.

अडचण एकच होती. तुमच्या चष्म्याची काच सोड्याच्या बाटलीच्या बुडाएवढी जाड होती आणि तुम्हाला बांधायचा रेशमाचा बारीक धागा दिसायचा नाही. दोरा सैल पडला तर उपयोग नाही, फार आवळला तर कातडी कापून अळी मरते. पहिल्या चार अळ्या तुम्ही मारल्यात. पाचवी मी बांधली आणि ती जगली. माझ्यात काही दैवी नव्हतं. मी विणकराच्या घरातली मुलगी, सहाव्या वर्षापासून सुताच्या कांड्या भरत होते, तुटलेले धागे जोडत होते. माझ्या बोटांना धागा दिसत होता, डोळ्यांची गरजच नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच माझं नाव शाळेतून काढायचं चाललं होतं. तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस आठवतो. वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. ते उठले नाहीत, फक्त धोटा थांबवला. आमच्या घरात माग थांबवणं हाच मोठा मान होता, तुम्हाला ते कळलं असावं, कारण तुम्ही खाली जमिनीवरच बसलात.

"हिचं नाव काढू नका," तुम्ही म्हणालात.

"चौदावं लागलं की बाई हिला," वडील म्हणाले. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, पण बाहेरच्या माणसाशी त्यांची मराठी झकास चालायची. "दुधनीचं स्थळ आलंय. घरचं चार माग हायती त्यांचं. अन् हितं कांड्या भराया मानूस न्हाय."

"मला हिचा हात पाहिजे. अळीच्या कमरेला गाठ मारायची आहे, माझ्यानं होत नाही."

वडील मोठ्यानं हसले. "गाठ? बाई, आमच्यात गाठ मारली तर पोर मार खातंय. धागा तुटला की राख लावून, पीळ देऊन सांदायचा. कापडात गाठ हाताला लागली की इनकराची लाज जाती."

"मला अळीचं लुगडं विणायचं नाही हो," तुम्ही म्हणालात, आणि दाराआड उभी असलेली माझी आईसुद्धा पदरात हसली.

वडिलांना तुम्ही आवडलात, हे मी त्यांच्या मानेवरून ओळखलं. ते म्हणाले, "बरं. किड्यांचं काम हुईपर्यंत ऱ्हाऊ द्या हिला शाळंत. काम संपलं की घरी. शब्द द्या." तुम्ही शब्द दिलात. म्हणालात, "काम पुरं झालं की मी स्वतः आणून सोडीन." तुमच्या त्या खरेपणाचा मला त्या क्षणी इतका राग आला होता, बाई, की रस्त्यात तुमच्या मागं चालताना मी तुमच्या सावलीवर मुद्दाम पाय देत होते.

त्याच आठवड्यात तुम्ही मला भिंग दिलंत, पितळी मुठीचं. आणि त्याच आठवड्यात बोलणीही बसली. सात काचा पाहून झाल्या होत्या, आठवीत काय असणार म्हणून मी न बघताच वहीत "फरक नाही" असं लिहिलं. तुम्ही आठवी काच उचललीत, माझ्यासमोर धरलीत. अळीनं खाणं थांबवलं होतं. तुम्ही आवाज चढवला नाही. "न बघता लिहिलंस," म्हणालात. "आपल्याकडं माणसं कमी, सामान कमी, एक वही तेवढी आहे. तीही खोटी झाली तर मग आपल्याकडं काय राहिलं?" मी रडले. तुम्ही मला रडू दिलंत, मग गूळ-शेंगदाणे दिलेत आणि ती ओळ मला खोडायला लावलीत. अशी खोडायला लावलीत की खोडलेलंही वाचता यावं.

आता जे सांगायचं ते सांगते. पावसाळ्याच्या शेवटी अळ्या भरपूर झाल्या आणि आपण रोज बांधू लागलो. मी खिडकीपाशी बसायची, तुम्ही दोन बोटांत अळी हलकेच धरायचात, ती संतापून डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढायची आणि खोलीभर सडक्या लिंबाचा वास सुटायचा. मी दोरा आवळायची. तुम्ही विचारायचात, "बसली?" मी म्हणायची, "बसली, बाई." दुसऱ्या दिवसापर्यंत बांधलेल्या अळ्यांचं पुढचं अंग तपकिरी कोष झालं आणि मागचं हिरवंच राहिलं. अर्धी लेक सासरी गेली, अर्धी माहेरी, असं आई ऐकून म्हणाली. चौथ्या दिवशी बांधलेल्या अख्ख्या कोष झाल्या. तिसऱ्या दिवशी बांधलेल्यांमध्ये पाच अर्ध्या राहिल्या आणि एक अख्खी कोष झाली.

त्या एका अळीनं तुमची झोप उडवली. तुम्ही सारख्या तिच्याकडं येत होतात. तुम्ही बाजारात गेल्यावर मी ती काच पुसायला घेतली, तर बशीत रेशमाचा तुकडा पडलेला. मी तो भिंगाखाली धरला. त्याला गाठ नव्हती. घाईत असताना माझ्या बोटांनी आपल्या मनानं चुलीतली राख घेतली होती, दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून पीळ दिला होता आणि धागा सांधून टाकला होता, जसा मी जन्मभर सांधत आले होते तसा. मागावर तो सांधा ताण सहन करतो, वर्षानुवर्षं टिकतो. पण अळी श्वास घेते, अंग आकसते, फुगवते. पीळ वेणी सुटावी तसा सुटला होता आणि रस आरामात मागं गेला होता. वडिलांनी शिकवलेलं इतकं नीट शिकले होते की तुमचं काम बिघडवून बसले.

तो तुकडा मी कनवटीला लावला आणि तुम्हाला सांगितलं नाही. का, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. "माझा हात पाहिजे" म्हणून तर मी शाळेत होते. तो हातच चुकतो म्हटल्यावर दुधनीचे चार माग होतेच. पुढं कितीतरी दिवस तुम्ही नुसत्या माझ्याकडं पाहिलंत तरी वाटायचं, कळलं. चोराच्या मनात चांदणं. पण तुम्ही वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलंत, "तिसऱ्या दिवशी बांधलेली एक अळी पूर्ण कोषात गेली. कारण कळत नाही." आणि त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडल्यात. म्हणालात, कारण सापडलं की लिहायला जागा पाहिजे.

मग तुम्ही पुन्हा आमच्याकडं आलात. वडिलांना सांगितलंत की काम पुरं झालं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा पाहावं लागेल. वडील शब्दाचे पक्के. "संपलं न्हाय म्हंता? मंग संपवा की," एवढंच म्हणाले आणि धोटा मारला. दुधनीकरांनी वाट पाहिली नाही, त्यांना दुसरी मुलगी मिळाली, ती सुखात राहिली असं पुढं ऐकलं. त्या वर्षी एकदा वडील स्वतः तुमच्या अंगणात आले होते, आठवतं? एक अळी फांदीवर कोष व्हायच्या तयारीत, स्वतःच्या तोंडातला धागा स्वतःच्याच कमरेभोवती घेऊन त्यात टेकून बसलेली. वडील घोंगडी सावरत उकिडवे बसले आणि पार चहा थंड होईपर्यंत बघत राहिले. मग मला तेलुगूत हाक मारली, "बिड्डा," म्हणजे पोरी, म्हणाले आणि पुढचं तुम्हालाही कळावं म्हणून मराठीत, "हिला कुनी शिकवलं न्हाय, तरी कुटं गाठ दिसती का बघ." लेकीचा हात आणि अळीचा धागा, दोन्हींचा त्यांना एकदमच अभिमान वाटला होता.

दुसऱ्या वर्षीही तिसऱ्या दिवसानं दगा दिला. सहांपैकी दोन अळ्या अख्ख्या कोष झाल्या. तुम्ही डोक्याला हात लावलात. ऊन, पाऊस, लिंबाचं कोवळं पान, जून पान, सगळं तपासलंत. वहीत पुन्हा लिहिलंत, "कारण कळत नाही," आणि पुन्हा चार ओळी सोडल्यात. मीही पुन्हा एक वर्ष शाळेत राहिले.

त्या वर्षातच आमच्याकडं रंगीत सुताचा नवा गठ्ठा आला. त्यावरच्या इंग्रजी चिठ्ठीत लिहिलं होतं की हा रंग गरम पाण्यात सुटतो. मी ती वाचली म्हणून वडिलांनी सुताला लावायची खळ निवू देऊन वापरली, शेजारच्या घरी मात्र पांढऱ्या लुगड्यांना लाल ओघळ आले. त्यानंतर माझ्या शाळेचा विषय वडिलांनी काढला नाही. कुणी काढला तर म्हणायचे, "शिकंल की, तुमचं काय जातंय?" तेव्हापासून तुमच्या अळ्यांना माझी राखण करायची गरज उरली नाही.

तिसऱ्या वर्षी मी प्रत्येक अळीला दुहेरी गाठ मारली. तिसऱ्या दिवसाच्या सगळ्या अळ्या अर्ध्या राहिल्या, एकही चुकली नाही. रस तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाच्या मधे सुटतो हे शेंबड्या पोरालाही दिसावं इतकं लख्ख दिसलं. तुम्ही प्रोफेसरांना पत्र लिहिलंत. महिन्यानं कार्ड आलं की काम नेटकं आहे, पण अशा प्रकारचं परदेशात आधीच छापून आलं आहे. मी तुमच्या तोंडाकडं पाहायचं धाडस केलं नाही. आणि तुम्ही चक्क हसलात. "म्हणजे आपण बरोबर होतो," म्हणालात. त्या संध्याकाळी तुम्ही शिरा केलात, आणि फळीवरच्या काचा उतरवून धुतल्यात, त्यांतली एक कंदिलाला बसवलीत. इतकी वर्षं ती तुमच्याकडं होती, पण तिच्या उजेडात मी पहिल्यांदाच बसले.

दोन वर्षं आधी पत्र गेलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं का? मला माहीत नाही. कदाचित नसतं. कदाचित त्या प्रोफेसरांनी तुम्हाला पुण्याला बोलावून घेतलं असतं. हा विचार मी पुष्कळदा केला आहे, विशेषतः पगारी शिक्षिका होऊन पहिल्यांदा वर्गात उभी राहिले तेव्हा. माझं आयुष्य चांगलं गेलं, बाई. मी मुलींना अळ्या दाखवल्या, काहींनी किंचाळून बाकावर उड्या मारल्या, आणि एक-दोघी दर वर्षी अशा निघाल्या की ज्या हसल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. सकाळी दारात बसून चहा पिताना मला कधी कुणाचा हेवा वाटत नाही.

तुमच्या पुतणीनं पुण्याहून वही पाठवली तेव्हा मी ती उघडून आधी पहिल्या वर्षाच्या चार कोऱ्या ओळी शोधल्या. तिथं तुम्ही काहीच लिहिलं नव्हतं. आज सकाळी मी तिथं लिहिलं, "दोरा गाठीऐवजी सांधला गेला होता. चूक माझी." लिहिलेलं पुन्हा वाचलं, खोडलं नाही. मग पान उलटून दुसऱ्या वर्षाच्या चार ओळींपाशी आले आणि पेन खाली ठेवलं. तिथं मावणार नाही म्हणून हे पत्र लिहायला बसले. ते टाकायला पेटी नाही, घडी करून त्याच पानात ठेवीन.

पहिल्या वर्षी माझ्याकडून चूक झाली. दुसऱ्या वर्षी झाली नाही. त्या दिवशी तुम्ही अळी धरून बसला होतात, दुधनीच्या नंतर अक्कलकोटचं स्थळ येऊन चार दिवस झाले होते, आणि मी चुलीशी वाकून बोटांना राख लावून घेतली. दोन अळ्यांचा दोरा सावकाश, नीट, वडिलांनी शिकवला तसा सांधला. तुम्ही विचारलंत, "बसली?" मी म्हटलं, "बसली, बाई." आणि घरी जाताना मी गाणं म्हणत गेले.